बी विंग, सगळे मजले : लॅपटॉप वॉरंटीत, तरी बिल १८,५००

मंजिरी, बी-५०३ : मंडळी, जरा सल्ला हवाय. निनादचा लॅपटॉप जेमतेम दहा महिन्यांचा. स्क्रीनवर उभ्या रेघा यायला लागल्या म्हणून सर्व्हिस सेंटरला दिला. आज फोन आला, आतल्या स्क्रूवरचं स्टिकर फाटलंय म्हणून वॉरंटी गेली. वर कोपऱ्याला चीर आहे म्हणे, म्हणजे सीआयडी. खर्च १८,५००.

शिंदे काका, बी-२०२ : सीआयडी? एवढ्यावरून पोलीस?

मंजिरी : नाही हो काका. कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज. थोडक्यात, तुम्हीच मोडलंत.

शिंदे काका : त्यापेक्षा पोलीस परवडले.

सुहास, बी-७०१ : कंपनी कुठली?

मंजिरी : नाव नको ग्रुपवर, तक्रार चालू आहे.

जयश्रीताई, बी-१०४ : चीर देताना होती का? जॉबशीटवर काय लिहिलंय?

मंजिरी : नव्हती. ‘डिस्प्ले इश्यू’ एवढंच लिहिलंय. बाकी रकाने रिकामे, खाली माझी सही.

जयश्रीताई : मग ते रिकामे रकानेच तुझ्या कामाचे. फोटो काढून ठेव. आणि फोनवर दुरुस्तीला हो म्हणू नकोस, नकार मेलवर माग. चिरेचा आणि स्टिकरचा फोटोही माग.

केदार, बी-६०३ : स्टिकरवरून आठवलं. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (तिथली ग्राहकहित बघणारी सरकारी संस्था) आसरॉक, झोटॅक आणि गिगाबाइट या कॉम्प्युटरच्या कंपन्यांना याच कारणासाठी इशाऱ्याची पत्रं पाठवली होती. स्टिकर काढलं की वॉरंटी रद्द, असं ग्राहकाला सांगणं तिथल्या १९७५च्या वॉरंटी कायद्यात बसत नाही, असा मुद्दा होता.

शिंदे काका : ते तिकडे. आपल्याकडे कोण विचारतो?

केदार : तो कायदा इथे लागू नाही, कबूल.

जयश्रीताई : आपल्याकडे २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे की! आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन कर. ते निकाल देत नाहीत, पण तक्रार कंपनीपर्यंत पोचवतात, बऱ्याचदा तेवढ्यानेच सूर बदलतो. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार. कंपनीच्या गावाला जायला नको, आपण राहतो तिथेच दाखल करता येते. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. ऑनलाइनही होतं, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर. दोन वर्षांच्या आत मात्र.

सुहास : पण स्टिकर फाडलं कुणी?

निनाद, बी-५०३ : मी. दिवाळीच्या सुट्टीत रॅम वाढवली होती. सॉरी आई.

मंजिरी : घरी ये तू.

जयश्रीताई : अरे, असू दे. मेलमध्ये खरं तेच लिहा. रॅम बदलली, मग रेघांचा तिच्याशी संबंध काय, तो कंपनीने दाखवावा. लॅपटॉप कधी उघडलाच नाही असं मात्र लिहू नका, पुढे तेच अंगाशी येतं.

सेक्रेटरी : उद्या सकाळी ११ ते २ पाणी बंद. टाकी धुणार आहेत.

मंजिरी : मेल गेला. लगेच सेंटरमधून फोन, ‘मॅडम, सीनिअरला विचारून कळवतो.’ म्हटलं, मेलवरच कळवा.

शिंदे काका : जयश्री, ते १९१५वाले मिक्सरची तक्रार घेतात का गं?