हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते
गळ्यातली चेन चोरांनी ओढून नेली तरी पोलिसांत जाऊन उपयोग नाही, 'ही आमची हद्द नाही' म्हणून फिरवतात असं बरेच जण म्हणतात. फिरवतात हे खरंय, पण म्हणून घरी बसू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ खाली हिसकावून चोरी हा वेगळा गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा, आणि झीरो एफआयआर (म्हणजे गुन्हा कुणाच्याही हद्दीत घडला तरी लिहून घ्यायची तक्रार) चौकीत नाही, पण कुठल्याही पोलीस स्टेशनला नोंदवता येते. कोथरूडला आमच्या शेजारच्या काकूंचं मंगळसूत्र भाजी घेताना बाइकवाल्यांनी ओढलं, मानेवर लाल वळ, अर्धी वाटी हातात राहिलेली, तरी पोलीस 'तिकडच्या स्टेशनला जा' म्हणाले. मुलाने झीरो एफआयआरचं नाव काढल्यावर लगेच लिहून घेतली. प्रत फुकट मिळते, ती मागून घ्याच, आणि समोरच्या दुकानदाराला त्याच दिवशी सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायला सांगा, नंतर त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं.