अपघात नोंदवायचं सॉफ्टवेअर आलं आणि नोंदीच आटल्या – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गोव्यात फोंड्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत, औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात मी सेफ्टी बघते. कारखान्याचं नाव विचारू नका.

आमच्याकडे पूर्वी कँटीनच्या दाराशी एक वही टांगलेली असायची, पेन दोऱ्याने बांधलेलं. थोडक्यात टळलेलं काहीही त्यात कोणीही लिहावं. हिंदी, कोंकणी, मराठी, कधी कन्नड. ‘गोडावनच्या रॅम्पवर पाणी येतं, ट्रॉली घसरली, ड्रम पायावर पडता पडता वाचला.’ पावसाळ्यात तर वही भरून वाहायची. गेल्या वर्षी हेड ऑफिसने सॉफ्टवेअर घेतलं आणि वही काढायला लावली. आता निअर-मिसच्या, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या, नोंदी जवळजवळ शून्यावर आल्यात. वरचे साहेब खूश आहेत, डॅशबोर्ड हिरवागार. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, ‘शून्य घटना’वाल्या विभागाला ढालसुद्धा दिली! मला मात्र धडकी भरते, कारण रॅम्पवर पाणी अजून तसंच येतंय.

अडचणी अशा:

फॉर्म इंग्रजीत आहे आणि लांबलचक. लॉगिन फक्त कायम कामगारांना. ड्रम हलवतात ती कंत्राटी पोरं, त्यांना लॉगिनच नाही. जागोजागी क्यूआर कोड चिकटवलेत, पण सॉल्व्हंटच्या (पटकन पेट घेणाऱ्या द्रावकांच्या) भागात मोबाईल न्यायलाच बंदी आहे (आणि ती योग्यच आहे, ठिणगीचा धोका असतो). म्हणजे कोड स्कॅन करायचा कशाने?

‘कारण’ हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, आणि यादीत पहिलाच पर्याय ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. घाईत सगळे तोच दाबतात. वर्षाचा रिपोर्ट काढला तर वाटावं, आमच्याकडे गॅस्केट (पाइपच्या जोडातली चकती) कधी गळतच नाही, माणसंच तेवढी वेंधळी.

शिवाय नोंद करणाऱ्याचं नाव थेट सुपरवायझरच्या मेलमध्ये जातं. मग कोण लिहील?

सॉफ्टवेअर काढणं माझ्या हातात नाही. सेटिंगमध्ये काय बदलून घेऊ, कोणत्या क्रमाने, हे अनुभवी लोकांनी सांगावं.

वेर्णेकर:
ताई, आमच्याकडेही हेच नाटक झालं होतं. व्हेंडरला, म्हणजे सॉफ्टवेअर विकणाऱ्याला, सांगून पहिला स्क्रीन तीनच गोष्टींचा करून घ्या: कुठे, काय झालं, फोटो असेल तर फोटो. बाकीचे रकाने सेफ्टीवाल्यांनी भरायचे. ‘कारण’ तर नोंद करणाऱ्याला दिसताच कामा नये. प्रत्यक्ष जागेवर जाऊन चौकशी करणाऱ्यालाच तो रकाना उघडू दे. मोबाईलचं म्हणाल तर टाइम ऑफिसमध्ये पंचिंग मशीनच्या शेजारी एक टॅब ठेवा, लॉगिनशिवाय चालणारा. सुटताना सगळे तिथूनच जातात.

जुनी_वही:
वही परत टांगा. संध्याकाळी फोटो काढून सॉफ्टवेअरमध्ये चढवा. झालं काम.

फोंड्याचा_बाब:
‘जुनी_वही’चं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही हां. पण ताई, तुम्ही आधी एक करा. फर्स्ट-एडच्या खोलीतलं रजिस्टर घ्या आणि सॉफ्टवेअरच्या नोंदींशी ताडून बघा. नर्सने पट्टी बांधली, डोळे धुतले, पण सॉफ्टवेअरमध्ये काहीच नाही, अशा ओळींवर खूण करा. हा कागद मीटिंगमध्ये ठेवलात की हिरव्या डॅशबोर्डचा रंग आपोआप उतरेल. आणि ती ढाल बंद करा बाई! शून्याला बक्षीस ठेवलं की लोक दुखणं लपवतातच. द्यायचीच तर सगळ्यात जास्त धोके दाखवून ते दुरुस्त करून घेणाऱ्या विभागाला द्या.

दुसरं म्हणजे, ‘सबमिट’ दाबलं की सरकारला कळवलं असा पुष्कळांचा समज असतो. तसं नसतं. मृत्यू झाला, किंवा दुखापतीमुळे माणूस ४८ तास वा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर कारखाने व बाष्पके निरीक्षणालयाला, म्हणजे आपल्या पणजीतल्या आल्तिनोच्या ऑफिसला, वेगळी सूचना जायला हवी. ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा) अपघात अहवाल, फॉर्म १२, तोही वेगळा. जुना १९४८ चा कारखाने कायदा जाऊन २०२० ची कामाच्या जागची सुरक्षा व आरोग्य यांची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तरी ४८ तासांची अट आहेच. तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये ‘किती तास गैरहजर’ हा रकाना घ्या आणि ४८ ओलांडायच्या आत तुम्हाला मेसेज येईल असं करून घ्या.

धागा काढणारी:
सगळ्यांचे आभार. बाब, रजिस्टर आजच ताडून बघायला घेतलं. नर्सबाई म्हणाल्या, “डोळ्यांत उडालेलं धुवायला पोरं येतात, पण ‘नाव लिहू नका’ म्हणतात.” म्हणजे रोग तिथेच आहे.

वेर्णेकर, व्हेंडरशी बोलले. तीन रकान्यांचा स्क्रीन सहज होईल म्हणतो, पण नाव लपवायची सोय ‘वरच्या पॅकेजमध्ये’ आहे! तोपर्यंत टॅबवर ‘पाहुणा’ नावाचं एकच सामाईक खातं उघडून द्यायचा विचार आहे. त्यात कोणाला काही धोका दिसतोय का?

वेर्णेकर:
खोटी-खोचक नोंद क्वचित येते, ती चौकशीत गळते. मोठी अडचण वेगळी: नाव नाही म्हणजे उलट विचारता येत नाही. म्हणून कामाची पाळी (शिफ्ट) आणि जागा हे दोन रकाने पक्के ठेवा. आणि काय दुरुस्ती झाली ते टॅबशेजारच्या फळ्यावर लिहा, हिंदीतही. रॅम्पपासूनच सुरू करा.

धागा काढणारी:
रॅम्पचं पन्हळ बदलायची रिक्विझिशन (लेखी मागणी) टाकली आहे. आता एकच विचारायचंय: बोलून नोंद करायची सोय, हिंदी आणि कन्नडमध्ये, कोणी वापरली आहे का? यंत्रांच्या आवाजात चालते का ती?