अनुभव धागा: धर्मशिक्षणाच्या बाई, सिस्टर आणि वेदीवरचं प्रवचन

वसईची_मावशी
काल लेकीच्या पहिल्या कम्युनियनची (पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या विधीची) मिटिंग होती. शिकवणाऱ्या सगळ्या बायका, ऐकायला आलेल्या पण बहुतेक आयाच, आणि समारोपाला फादर. बसल्या बसल्या आमच्या धर्मशिक्षणाच्या बाई आठवल्या. रविवारी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सुटली की शाळेच्या वर्गात घ्यायच्या आम्हाला. बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट सांगताना मधेच थांबून विचारलं होतं, "बाप धावत गेला, मोठा भाऊ रुसला, आई कुठे होती रे?" सगळे गप्प. तोवर कितीतरी प्रवचनं ऐकली होती या गोष्टीवर, आईचं कोणी काढलंच नव्हतं. मोठी झाल्यावर कळलं की आम्हा कॅथलिकांत ह्या बाईंनी रविवारच्या मिस्सात शुभवर्तमानावर (बायबलातल्या येशूच्या चरित्रावर) प्रवचन करायचं नसतं. तुमच्याकडच्या सिस्टर (धर्मभगिनी), टीचर, आज्या, कोणाबद्दलही लिहा.

गासवाली
आमच्या बाई दहा आज्ञा पाठ म्हटल्या की शेंगदाण्याचा लाडू द्यायच्या. सहाव्या आज्ञेशी, "व्यभिचार करू नको", अडखळलं की अर्धाच 😂 सहावीचा अर्थ विचारला तर "मोठे झालात की कळेल". अजून कोणी सांगितला नाहीये.

आगाशीकर
@गासवाली लग्नाच्या कोर्सला सांगतात, जाऊन ये 😄

चष्मेवाली_टीचर
नियम असा आहे की चर्चच्या कायद्यातल्या कलम (कॅनन) ७६७ प्रमाणे मिस्सातलं प्रवचन फक्त फादर किंवा डिकन (फादरांच्या खालची दीक्षा घेतलेले) करू शकतात, त्याच्या आधीचा ७६६ म्हणतो की गरज असेल तर प्रापंचिकांना (दीक्षा न घेतलेल्यांना) चर्चमध्ये बोलू देता येतं, पण मिस्सातलं प्रवचन सोडून. एक फट मात्र आहे, मुलांच्या मिस्सासाठी १९७३ सालची वेगळी मार्गदर्शिका आहे, त्यात शुभवर्तमानानंतर एखादा मोठा माणूस मुलांशी बोलू शकतो असं लिहिलंय, मुख्य फादरांची संमती हवी. मी त्याच्या आधारावर मुलांच्या मिस्सात बोललेय. पाय लटपटत होते, पण पोरं ऐकत होती. नंतर एक काका म्हणाले, छान झालं हां टीचर, सूचना जरा लांबल्या. सूचना!!

वसईची_मावशी
सूचना 🤣🤣 अगं देवा

नगरी_पोरगा
आमच्या नगरकडच्या खेड्यांत फादर कधीतरी यायचे, रोजची प्रार्थना मास्तरांकडे, म्हणजे कॅटेकिस्ट, धर्म शिकवणारे. पगार मास्तरांना. पण बायकांना बाप्तिस्म्याआधी शिकवणं, पोरांची प्रार्थना, बाळंतिणीकडे जाणं हे सगळं मास्तरीणबाई करायच्या, एका पैशाशिवाय. माझी आजी मास्तरीणबाई. सप्टेंबरात हरेगावच्या यात्रेला मतमाउलीची (मरियामातेची) गाणी पण तीच सुरू करायची, गर्दी मागून म्हणायची. बाय द वे यंदा हरेगावला कोण कोण आहे? राहायची सोय बघतोय.

आगाशीकर
आम्ही टेम्पोने येणार, व्यनि कर.

एक_सिस्टर
मी पुण्यात थिऑलॉजी केली. आता होणाऱ्या फादरांना बायबल शिकवते. त्यांचे पेपर तपासते, चुकलं तर लाल पेन. तेच ब्रदर फादर झाले की वेदीवरून बोलतात आणि मी बाकावर. एकदा तर माझ्याच नोट्स ऐकल्या, उदाहरणासकट. राग नाही आला, हसू आलं. पण पुढच्या वर्षी ते उदाहरण बदललं मी.

शांत_माणूस
मला हे रडगाणं वाटतंय. फादर इतकी वर्षं सेमिनरीत शिकतात, प्रवचन हे भाषण नाही, दीक्षेशी जोडलेलं आहे. बायकांना काय कमी मान आहे का? संत अविलाची तेरेसा आणि संत सिएनाची कॅथरीन, दोघींना १९७० मध्ये चर्चचे आचार्य (डॉक्टर ऑफ द चर्च) म्हणून जाहीर केलंय.

गासवाली
@शांत_माणूस हो, वारल्यावर चारशे-सहाशे वर्षांनी. आमच्याकडे गेल्या महिन्याचं प्रवचन म्हणजे छपराची वर्गणी आणि पार्किंग. दीक्षेशी जोडलेलं ते पण.

शांत_माणूस
वर्गणीचं मान्य 🙏

दुबईतली_नर्स
ड्युटी संपवून लिहितेय चुका माफ. इथे तेव्हा शुक्रवारी सुट्टी म्हणून शुक्रवारी धर्मशिक्षण, एवढी पोरं की वर्ग पुरायचे नाहीत. शिकवायला आम्ही नर्स, अकाउंटंट, घरी असलेल्या आया. माझ्या वर्गात मल्याळी, गोवन, फिलिपिनो, मराठी मी एकटीच. फादर थोडे आणि लोक हजारो, इथे कोणी विचारत बसत नाही बाई आहे का बुवा, येतेस का म्हणतात.

पाळकाची_नात
मी प्रोटेस्टंट, चालेल ना? आमच्यात वेगळं आहे, चर्च ऑफ साउथ इंडिया या पंथात २०१३ ला आंध्रातल्या नंद्यालला पुष्पा ललिता बिशप झाल्या. तरी आमच्या गावात बाई उपदेशाला उभी राहिली की मागच्या रांगेतले दोघे बाहेर तंबाखू मळायला जातात. नियम बदलला म्हणून तंबाखू सुटत नाही.

चष्मेवाली_टीचर
@पाळकाची_नात 😂 अगदी. आमच्याकडे पण २०२१ मध्ये पोप फ्रान्सिसनी जानेवारीत वाचक आणि वेदीसेवकाची अधिकृत सेवा बायकांना खुली केली, मे मध्ये कॅटेकिस्टची सेवा. वाचनं तर आम्ही कधीपासून करतोय, आता ती सेवा विधिवत सोपवता येते. मला कोणी सोपवलेली नाही अजून. रजिस्टर मात्र सोपवलंय, फीचा हिशोब पण.

निर्मळची_सून
लिहायचं लिहायचं म्हणून राहिलं, कुकर लावलाय. माझ्या सासूबाईंना अक्षर येत नाही पण मे महिन्यात वाडीतल्या क्रुसापुढे रोझरी (जपमाळेची प्रार्थना) त्याच घेतात आणि प्रत्येक रहस्याआधी (येशू-मरियेच्या आयुष्यातल्या प्रसंगाआधी) चार वाक्यं बोलतात, मनाची. एकदा एलिझाबेथकडे गेलेल्या मरियेबद्दल म्हणाल्या, पोटुशी बाई एवढा डोंगर चढून दुसऱ्या पोटुशीचं काम करायला गेली, तिला जेवण कोणी वाढलं असेल? सगळ्या बायका हसल्या आणि मग दोघी रडल्या. ह्याला प्रवचन म्हणायचं का नाही ते टीचर सांगतील. शिट्टी झाली, जाते.

एक_सिस्टर
@निर्मळची_सून हे मी वर्गात सांगू का? सासूबाईंना विचार.

निर्मळची_सून
विचारलं. म्हणाल्या सांग म्हणावं, पण फादरांना नको सांगू, मग तेच बोलतील 😄

वसईची_मावशी
अवांतर: रविवारी पाचवीच्या वर्गाला बदली टीचर पाहिजे, आमच्या टीचर मयताला चालल्यात. कोणी जवळपास?

गासवाली
मी येते. धडा कुठला? आणि बाकं बदलली का, मागच्या वेळी साडी फाटली होती.

वसईची_मावशी
दहा आज्ञा 🙈 बाकं बदलली, पंखा नाही. लाडू तू आण.

गासवाली
सहावी तू घे मग.