यामागुची मोमोए: एकविसाव्या वर्षी घेतलेला निरोप तिचा, की त्या काळाचा?

उनाडपाऊस (धागाकर्ता)
निवृत्ती जाहीर करायची आणि दोन वर्षांत 'रसिकांच्या आग्रहास्तव' परतायचं, हे इतक्यांदा पाहिलंय की हल्ली कुणी निवृत्त झालं तरी कुणी मनावर घेत नाही. जपानची गायिका-अभिनेत्री यामागुची मोमोए हिनं मात्र शब्द पाळला. ५ ऑक्टोबर १९८० ला टोकियोच्या बुदोकान सभागृहात शेवटची मैफल झाली. शेवटचं गाणं संपलं, तिनं पांढरा माइक रंगमंचावर ठेवला, वाकून नमस्कार केला आणि आत निघून गेली. पुढच्याच महिन्यात मिउरा तोमोकाझुशी लग्न. तिच्या बहुतेक सिनेमांचा नायक तोच. नंतर ना गाणं, ना सिनेमा.

१९७२ च्या शेवटी 'स्टार तांजो!' या टीव्ही स्पर्धेतून ती पुढे आली, १९७३ मध्ये चौदाव्या वर्षी पहिली रेकॉर्ड. काय गायचं, काय घालायचं, सगळं मोठी माणसं ठरवायची. निघायचं कधी, हे मात्र तिनं ठरवलं. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतला हाच सर्वांत स्वतंत्र निर्णय. बोला.

ठसका
लग्न ठरलं म्हणून काम सोडणं हे स्वातंत्र्य असेल, तर आपल्या आज्या सगळ्याच क्रांतिकारक! त्या काळच्या जपानी कचेऱ्यांत लग्न ठरलेल्या मुलीनं राजीनामा द्यायचा हा शिरस्ताच होता. मोमोएनं तेच केलं, फक्त बुदोकानमध्ये, दिव्यांच्या झोतात. वर जाताना प्रेक्षकांचे आभार मानले, माझा हट्ट चालवून घेतलात म्हणून. स्वतःच्या लग्नाबद्दल चाहत्यांचे आभार कशाला? मिउरा लग्नानंतरही काम करतच राहिला. त्याला कुणाची परवानगी लागली नाही.

साबुदाणा
तुम्ही दोघंही निरोपावरच अडकलात. जरा गाण्यांकडे या की.

सुरुवातीची गाणी आज ऐकवत नाहीत. 'हितो नात्सु नो केइकेन' (१९७४) आलं तेव्हा ती पंधरा वर्षांची, आणि दुहेरी अर्थाच्या ओळी लिहिणारे बाप्ये. त्यात मुलीच्या सर्वांत मौल्यवान गोष्टीचा उल्लेख आहे. ती गोष्ट कोणती, असं पत्रकार मुद्दाम विचारायचे, आणि ही पोरगी शांतपणे सांगायची, 'मनाचा सच्चेपणा.' विचारणाऱ्याचंच तोंड पडायचं.

मग १९७६ मध्ये 'योकोसुका स्टोरी'. गीत आकी योको या बाईंचं, चाल त्यांचे पती उझाकी र्यूदो यांची. या जोडीकडून गाणं घ्या, असा आग्रह मोमोएनंच धरला होता, असं सांगतात. योकोसुका म्हणजे अमेरिकी नौदलाच्या तळाचं बंदर, मोमोए तिथंच वाढलेली. इथून तिचा आवाजच बदलतो, खाली उतरतो. 'प्लेबॅक पार्ट २' (१९७८) मध्ये लाल पोर्शे गाडी चालवणारी एकटी बाई आहे आणि मधेच संगीत तुटतं, क्षणभर काहीच नाही. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं, फाइल बिघडली! सरकारी धाटणीच्या एनएचके या जपानी वाहिनीवर कंपनीचं नाव चालत नसे, म्हणून तिथं 'लाल गाडी' म्हणावं लागलं. त्या वर्षअखेरच्या 'कोहाकु' या गायक विरुद्ध गायिका अशा टीव्ही कार्यक्रमात स्त्रियांच्या संघातून सर्वांत शेवटी गाण्याचा मान तिला मिळाला, एकोणिसाव्या वर्षी.

ठसका
वा, माझंच काम केलंत! गाणं कुणाचं हवं हे सांगण्याइतकी ती मोठी झाली, आणि तिथंच सगळं संपलं. तिच्यामागून आलेली जपानी गायिका मात्सुदा सेइको बघा. एप्रिल १९८० मध्ये तिची पहिली रेकॉर्ड. १९८५ मध्ये लग्न, पुढच्या वर्षी मुलगी, आणि गाणं चालूच. वर्तमानपत्रांनी 'ममाडॉल' (मामा म्हणजे आई, अधिक आयडॉल) म्हणून टर उडवली, तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणजे शक्य होतं.

निवांत
१९८० मध्येच आपल्याकडे नीतू सिंगनं लग्न करून सिनेमा सोडला. तिला कुणी बंडखोर म्हटलं नाही.

उनाडपाऊस
@निवांत, त्या २०१० मध्ये परतल्या की.

@ठसका, सेइकोचं मान्य. पण मोमोएचं घर बघा. १९८० मध्येच 'आओई तोकी' हे तिचं आत्मचरित्र आलं, लाखांनी खपलं. त्यात तिनं आडपडदा ठेवलेला नाही. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं, वडिलांचा संसार दुसरीकडे. मुलगी नावारूपाला आल्यावर वडील पैशांसाठी पुढे आले आणि तिनं संबंध तोडले. दोन माणसांचं साधं घर तिला करिअरपेक्षा मोठं वाटलं, तर ती शरणागती कशी? वडिलांशी असं वागणारी मुलगी शिरस्त्याला भिऊन काम सोडेल, हे मला पटत नाही.

ठसका
घर हवं होतं हे कबूल. पण घर किंवा गाणं, एकच निवड, ही अट कुणी घातली? तिनं नक्कीच नाही.

साबुदाणा
वाद चालू द्या, पण तिचा 'कोतो' हा सिनेमा बघाच. दिग्दर्शक इचिकावा कोन, कथा जपानी कादंबरीकार कावाबाताची. नायिका म्हणून तिचा पहिला सिनेमाही कावाबाताच्याच कथेवर होता, 'इझु नो ओदोरिको' (१९७४). 'कोतो' शेवटचा, लग्नानंतर डिसेंबर १९८० मध्ये लागला. त्यात ती जुळ्या बहिणी झाली आहे: एक क्योतोच्या किमोनो व्यापाऱ्याच्या घरी वाढलेली, दुसरी क्योतोजवळच्या कितायामा डोंगरांत जपानी देवदारांच्या जंगलात राबणारी.

ठसका
रात्री बघितला. दोघींची चालसुद्धा वेगळी आहे हो! धागाकर्ते, असं काम करणारी बाई एकविसाव्या वर्षी घरी बसते, आणि तुम्ही त्याला स्वातंत्र्य म्हणता?