मॅजिस्टर इक्विटम म्हणजे नुसता घोडदळाचा कॅप्टन? काहीही!

इतिहासवेडी:
काल एकाने पोस्ट टाकली की रोमन मॅजिस्टर इक्विटम म्हणजे घोडदळ सांभाळणारा अधिकारी, कारभाराशी त्याचा संबंध नव्हता. डोकंच फिरलं माझं. अहो, डिक्टेटर (संकटात थोड्या काळासाठी नेमलेला सर्वाधिकारी) नेमला गेला की तो लगेच हा माणूस निवडायचा आणि स्वतः बाहेर असला की रोम शहर कधीकधी याच्याच भरवशावर. इ.स.पू. ४७ मध्ये सीझर पूर्वेकडे अडकला होता तेव्हा इटली कोण चालवत होतं? मार्क अँटनी, याच पदावरून! डोलाबेला या लोकप्रतिनिधीने मांडलेल्या कर्जमाफीवरून रोममध्ये दंगल झाली तेव्हा सैनिक घुसवून शेकडो माणसं मारली त्याने. हे काय घोडे सांभाळणं झालं?

खडूस_काका:
सीझरच्या काळात सगळेच नियम मोडले होते, ते उदाहरण चालणार नाही. जुन्या काळात डिक्टेटर पायदळाचा आणि हा घोडदळाचा. डिक्टेटरला तर घोड्यावर बसायलाही परवानगी काढावी लागायची, हॅनिबलशी लढायला नेमलेल्या फेबियस मॅक्सिमसने काढली होती. आणि घोडदळ होतं तरी केवढं, एका लिजनमागे (म्हणजे काही हजार पायदळाच्या तुकडीमागे) तीनशे! कॅनेच्या लढाईत हॅनिबलने रोमनांचं दोन्ही बगलांचं घोडदळ उधळलं तिथेच निकाल लागला, आणि झामाला हॅनिबलला हरवताना मित्र राजा मासिनिसाचे नुमिडियन स्वार नसते तर रोमन सेनापती स्किपिओचं काय झालं असतं? याबद्दल कोणी बोलत नाही, सगळे लिजन लिजन करत बसतात.

तळ्याकाठचा:
काका, तो वेगळा विषय. सत्ता होती पण डिक्टेटरच्या मर्जीवर. इ.स.पू. ३२५ मध्ये डिक्टेटर पॅपिरियस रोमला गेला, लढू नको असं बजावून, तरी त्याचा मॅजिस्टर इक्विटम फेबियस रुलियानस (काकांचा फेबियस वेगळा) याने इटलीतल्याच सॅम्नाइट लोकांशी लढाई केली आणि जिंकली. तरी पॅपिरियस त्याला मारायला निघाला, सिनेट मधे पडलं तरी ऐकेना, शेवटी लोकांनी हातापाया पडून सोडवलं. जिंकूनसुद्धा ही अवस्था.

इतिहासवेडी:
मग मिन्युशियसचं काय? इ.स.पू. २१७ मध्ये हॅनिबल इटलीत असताना त्याला डिक्टेटर फेबियस मॅक्सिमसने नेमलंच नाही, लोकांनी मॅजिस्टर इक्विटम म्हणून निवडला. नंतर मेटिलियस या लोकप्रतिनिधीने कायदा आणून त्याला डिक्टेटरच्या बरोबरीचे अधिकार दिले. मर्जी कुठे राहिली?

सोलापुरी:
मिन्युशियसला उगाच बदनाम करतात. खाली हॅनिबलच्या हातून कॅम्पानिया प्रांत जळतोय आणि फेबियस डोंगरावरून बघत बसलाय, कुठल्या सैनिकाला सहन होईल?

खडूस_काका:
बघत बसला म्हणूनच रोम वाचलं! बरोबरीचे अधिकार मिळाल्यावर तुमच्या मिन्युशियसने काय केलं? सैन्य अर्धं वाटून घेतलं आणि गेरुनियमजवळ हॅनिबलच्या सापळ्यात सरळ चालत गेला, फेबियस धावून आला म्हणून जिवंत राहिला. मी कारखान्यात होतो तिथे एका शॉपवर दोन इन्चार्ज बसवले होते, दोघांच्या ऑर्डर उलट्या, माझ्या हाताखालच्या पोराचं बोट गेलं. तेव्हापासून समान अधिकार हा शब्द ऐकला की तिडीक जाते.

सोलापुरी:
तुमच्या शॉपवरून रोम ठरणार का आता? आणि रोममध्ये दरवर्षी दोन कॉन्सल (सर्वोच्च निवडून आलेले अधिकारी) असायचेच की, समान अधिकारांचे. मिन्युशियसने नंतर अधिकार आपणहून सोडले, फेबियसला बाप म्हणाला, पुढच्याच वर्षी कॅनेला लढताना मेला. एवढा मोठेपणा तुमच्या त्या दोन इन्चार्जपैकी कोणी दाखवला?

खडूस_काका:
पोराचं बोट गेलंय आणि तुम्ही मला मोठेपणा विचारताय? बोलूच नका माझ्याशी.

तळ्याकाठचा:
भांडण थांबवा. सोलापुरींचा कॉन्सलचा मुद्दा बिनतोड आहे, हवं तर मर्जी हा शब्द मागे घेतो, पण मिन्युशियस अपवादच.

इतिहासवेडी:
अपवाद म्हणा, पण कारभाराशी संबंध नव्हता हे तरी कोणी म्हणू नका. इ.स.पू. ३६८ मध्ये पहिला प्लेबियन (सामान्य वर्गातला) या पदावर बसला, कुठलाही प्लेबियन डिक्टेटर व्हायच्या आधी. पॅट्रिशियन म्हणजे उमराव लोक नुसत्या घोड्यांसाठी तेव्हा एवढे चिडले असते का?

खडूस_काका:
बरं, शहरात वजन होतं, तेवढं घ्या. पण मग पुढे सम्राट कॉन्स्टंटाइननंतरचा मॅजिस्टर इक्विटम बघा, तो पूर्ण लष्करी.

इतिहासवेडी:
लष्करी, हो. पण त्या काळातल्या मॅजिस्टर इक्विटम उर्सिसिनसच्या हाताखाली पायदळ पण होतं काका, तेव्हासुद्धा नुसते घोडे नाहीत.