रियाल वधारला, तरी सौदीतून येणारा पैसा का आटतो?

(चौघांची चर्चा, प्रत्येकजण आपल्या टोपणनावाने बोलतो.)

खाडीपट्टा: रायगड-रत्नागिरीतून सौदीला कामाला जाणाऱ्यांबद्दल प्रश्न आहे. २००८ च्या सुरुवातीला रियाल साडेदहा रुपयांच्या आसपास होता, २०२४ मध्ये बावीसच्या वर. पगार तोच धरला तरी रुपयांत दुप्पट व्हायला हवा. मग शिल्लक का पडत नाही? आणि तिकडे स्थिरावलेली बायकामुलं गावी का परतली?

जमाखर्च: यात रियालचं कर्तृत्व काही नाही. १९८६ पासून डॉलरला ३.७५ रियाल हा दर बांधलेला आहे. घसरला तो रुपया. त्याच काळात इकडचा घरखर्चही दुपटीपेक्षा जास्त वाढला, त्यामुळे भावाचा फायदा वाण्याकडेच जिरला.

खरा फटका जुलै २०१७ चा. सोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल फी लागली, ती दरवर्षी शंभराने वाढत २०२० मध्ये ४०० झाली. बायको आणि दोन मुलं धरली तर ४०० × ३ × १२ म्हणजे वर्षाला १४,४०० रियाल. बावीसच्या भावाने ३ लाख १६ हजार ८०० रुपये, तेही इकामा (तिथला राहण्याचा परवाना) नूतनीकरणाच्या वेळी आगाऊ. महिना ४,००० कमावणाऱ्याच्या पगारातले तीस टक्के तिथेच गेले. वर व्हॅट: २०१८ ला ५ टक्के, जुलै २०२० पासून १५. भाडं आणि शाळेची फी मग कशातून भरायची? म्हणून कुटुंब गावी आणि कर्ता माणूस एकटा खोलीवर.

पक्का करार: वरच्या हिशेबात ‘आझाद व्हिसा’ राहिला. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक, नावापुरता, काम दुसरीकडेच. हे तिथल्या कायद्यात बसत नाही. परदेशी कामगारामागची लेव्ही, म्हणजे सरकारी आकार (२०२० पासून महिना ७०० किंवा ८००), इकाम्याचे वर्षाचे ६५० आणि वर्क परमिट हा सगळा खर्च नियमाने मालकाचा. आझाद व्हिसावाला तो स्वतः भरतो, म्हणजे वर्षाला दहा हजार रियालच्या आसपास, शिवाय कफीलचा हप्ता. हप्ता चुकला की कफील ‘हुरूब’ लावतो, म्हणजे पळून गेल्याची नोंद. मग इकाम्याचं नूतनीकरणही अडतं आणि थकलेला पगार मागायची सोय राहत नाही.

खाडीपट्टा: मग जाण्याआधी नेमकं काय तपासायचं?

पक्का करार: एजंटचा परवाना भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघा. सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ३५,४००, पावती घ्याच. लाख-दीड लाख मागणारा व्हिसा विकतोय असं समजा. दहावी पास नसेल तर पासपोर्ट ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असतो, त्याला सौदीसाठी एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे भारत सरकारची बाहेर जाण्याची मंजुरी, लागते. सोबत प्रवासी भारतीय विमा योजना: दोन वर्षांना २७५ रुपये हप्ता, अपघाती मृत्यूला १० लाखांचं संरक्षण. टुरिस्ट व्हिसावर कामाला गेलात तर यातलं काहीच लागू होत नाही.

पोचल्यावर करार ‘किवा’ या सौदी सरकारच्या कामगार पोर्टलवर नोंदला आहे का आणि पगाराचा आकडा इथे सही केलेलाच आहे का, ते पाहा. राजीनाम्याची घाईही महागात पडते. ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांना अर्धा-अर्धा महिना, पुढे वर्षाला पूर्ण महिना. पण कराराची मुदत संपण्याआधी स्वतःहून सोडलंत तर वेगळा हिशेब लागतो: दोन वर्षांच्या आत शून्य, पाचपर्यंत एक तृतीयांश, दहापर्यंत दोन तृतीयांश.

कलमबाग: गावाकडची बाजू. कोकण आधी मुंबईच्या मनीऑर्डरवर जगायचं. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले तसं आखात खुलं झालं, आणि १९८२ च्या संपानंतर गिरणीची वाट बंदच झाली. आखाती पैशातून स्लॅबची घरं उभी राहिली, पण भातखाचरं पडीक गेली. घरी जाणत्या बायका आणि म्हातारी माणसं, नांगर धरणार कोण? रत्नागिरीच्या आंबाबागांत राखण, फवारणीला आता नेपाळी गडी असतात. आपला माणूस दम्मामला आणि आपल्या कलमांखाली नेपाळचा. फरक एवढाच, की नेपाळ्याला इथे यायला ना व्हिसा लागतो ना कफील. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे.