मदत हवी आहे: ऑडिओ सीडीचा प्रोजेक्ट दुसऱ्या संगणकावर उघडला, तर एकही गाणं सापडत नाही

नमस्कार मंडळी,

आईने वेळोवेळी म्हटलेल्या २२ गाण्यांची सीडी करते आहे. तिला फोनवर ऐकायला जमत नाही, साध्या सीडी प्लेअरवर वाजली पाहिजे. त्यामुळे डेटा सीडी नको, ऑडिओ सीडीच हवी. पाच गाणी वेव्ह आहेत, दहा एमपीथ्री आणि फोनवर घेतलेली सात एमफोरए.

सीडी बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन रात्री बसून क्रम लावला, नावं भरली, दोन गाण्यांमधलं अंतर कमी-जास्त केलं आणि प्रोजेक्ट सेव्ह केला. सीडी राइटर दुसऱ्या संगणकाला आहे, म्हणून ती फाइल पेनड्राइव्हवरून तिकडे नेली. उघडली तर यादी दिसते, क्रमही बरोबर, पण प्रत्येक ओळीपुढे ‘फाइल सापडली नाही’. प्रोजेक्टचा आकार पाहिला, जेमतेम ४० केबी! सगळं काम गेलं का?

शिवाय एमफोरए फाइल इम्पोर्टच होत नाहीत. नावातलं एमफोरए खोडून एमपीथ्री केलं, तरी तेच. आईचा आवाज आता तसा राहिलेला नाही, ही गाणी पुन्हा रेकॉर्ड होणार नाहीत. म्हणून विचारल्याशिवाय पुढे काही करायला हात धजत नाही.

प्रतिसाद १

काळजी करू नका, काम गेलेलं नाही. प्रोजेक्टमध्ये आवाज नसतोच. कुठल्या फोल्डरमधली कुठली फाइल, कितव्या क्रमांकावर, मध्ये किती अंतर, एवढीच नोंद असते. आवाज असता तर सीडीच्या दर्जाच्या एका मिनिटाला सुमारे १० एमबी लागले असते.

पहिल्या संगणकावर गाणी ज्या ड्राइव्हमध्ये, ज्या नावाच्या फोल्डरमध्ये आहेत, अगदी तसाच फोल्डर दुसऱ्यावर करा आणि गाणी त्यात कॉपी करा. कटपेस्ट नको, मूळ फाइल जागच्या जागी राहू द्या. मग प्रोजेक्ट उघडा.

नाव बदलल्याने आतला फॉरमॅट बदलत नाही. एमफोरए ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा (त्यासाठी एफएफएमपेग हे जोड-सॉफ्टवेअर वेगळं घालावं लागेल) आणि वेव्ह म्हणून एक्सपोर्ट करा: ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. तिथलं ‘सेव्ह प्रोजेक्ट’ वापरू नका, त्याने ऑडॅसिटीची स्वतःची फाइल तयार होते, ती सीडीच्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही. एमपीथ्रीही करू नका. आवाज एकदा दाबलेला आहे, पुन्हा दाबला की आणखी बिघडतो, आणि ही रेकॉर्डिंग तर एकुलती एक आहेत.

धागाकर्ती

मनापासून आभार! फोल्डर तसाच केला आणि पंधराही गाणी सापडली, अंतरंसुद्धा जशीच्या तशी. सातही वेव्ह झाली, घातली. आता मात्र सॉफ्टवेअर म्हणतं, सीडीत मावत नाही. सगळ्या फाइल मिळून ५०० एमबी आहेत, डिस्कवर तर ७०० एमबी लिहिलंय.

प्रतिसाद २

ऑडिओ सीडीत एमबी नव्हे, मिनिटं मोजायची. एमपीथ्री कितीही लहान असली तरी राइट होताना ती पूर्ण उलगडते. ७०० एमबीची डिस्क म्हणजे ८० मिनिटं, त्यात गाण्यांमधली अंतरंही आली. तुमची बेरीज किती?

धागाकर्ती

८४ मिनिटं. एकही गाणं गाळणार नाही, दोन सीडी करते. सकाळची गाणी एकीत, बाकीची दुसरीत.